पिठातली रेघ

१

खुशालरावांच्या माजघरात त्या पहाटे टोपली उचलली गेली, तेव्हा मी तिथे नव्हते. पूर्णा नदीच्या बेटांवर जे घडले असे सांगतात, त्यातलेही काही मी पाहिलेले नाही. देवीदास माझ्या जन्माच्या चाळीस वर्षे आधी वारला. त्याची बायको सुभद्रा ही माझ्या आईची आई; परंतु मला समज येण्यापूर्वीच तीही गेली, आणि या प्रकाराबद्दल तिने पोटच्या मुलीजवळसुद्धा कधी तोंड उघडले नाही.

मला जे ठाऊक आहे ते देवीदासच्या धाकट्या बहिणीकडून, गोदाबाईंकडून. त्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. मला सांगितले तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या आणि अकोल्याला मुलाकडे राहत होत्या. मी अमरावतीला पदार्थविज्ञान शिकवते. साक्षीदाराची उलटतपासणी करतात तशी मी सुट्टीसुट्टीत त्यांची केली. प्रश्नांचा क्रम बदलला, मुद्दाम चुकीचे तपशील पुढे केले. त्या चिडत. "तुले पटत नसन तं इचारू नको ना, पोरी," असे म्हणत आणि पुन्हा तेच सांगत. लुगड्याचा रंग, जेवणातले पदार्थ यांत फरक पडे, आणि खऱ्या आठवणीत तसा पडायलाच हवा. रेघेबद्दल मात्र कधी फरक पडला नाही.

खुशालराव हे पूर्णाकाठचे काळ्या जमिनीचे शेतकरी. अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा ते स्वतःच्या कापसाबरोबर इतरांचाही घेऊन मुंबईला पाठवू लागले. लढाई संपून भाव उतरले तरी घरातले बिलोरी आरसे आणि मुंबईची वाट राहिली. ती वाट देवीदासच्या वाट्याला आली. १८६९ च्या उन्हाळ्याआधी कापसाच्या गाठींबरोबर तो मुंबईला जाऊन आला आणि बापापुढे बसून त्याने एक अजब गोष्ट सांगितली.

"बाबाजी, तिकडचे सायेब लोकं चाकाचा घोडा पडावात घालतात. येका बेटावर उतरतात, घोड्यावर बसून बेटभर फिरतात, मंग पुन्हा पडावात बसून दुसऱ्या बेटावर जातात."

"कापूस पाहाले?"

"नाई."

"मंग देवाले?"

"नाई वो. नुसते फिराले."

"काम नसतानी? अन् घरी येऊन काय सांगतात?"

"का फिरून आलो म्हनून."

खुशालराव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. देवीदासही हसला, पण त्याने तसा एक चाकाचा घोडा मागवलेला होता. तो विलायतेहून आगबोटीने यायचा होता. सुभद्रेला त्याने सांगितले, "दिवाई झाली का आपन जाऊ. पूर्णेत का बेटं नाईत?"

बेटे होती. पावसाळा ओसरला की नदी पात्रातले उंचवटे मोकळे करीत जाते. त्यांच्यावर गाळाचा नवा थर बसलेला असतो, लिंपून ठेवल्यासारखा. कामाशिवाय तिथे कोणी जात नसे, इतकेच.

श्रावणात गावात पटकी आली. देवीदास सकाळी आजारी पडला आणि दिवे लागण्यापूर्वी गेला.

२

आमच्याकडे एक रीत आहे. माणसाने जिथे शेवटचा श्वास घेतला, तिथली जमीन सारवून तिच्यावर बारीक पीठ चाळतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. पहाटे टोपली उचलून पिठात काय उमटले ते पाहतात. चिमणीचा पाय दिसला तर पाखराचा जन्म, खूर दिसला तर गुराचा. जे दिसेल त्यावरून घरातली माणसे आपले मन समजावतात. या रीतीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. निरीक्षण म्हणून ती वाईट नाही. अडचण असते ती निष्कर्षांची.

दहाव्याच्या पहाटे देवीदासच्या आईने, माणिकबाईंनी, टोपली उचलली. पिठात एक रेघ होती. बोटभर रुंद, टोपलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गेलेली. मधे एके ठिकाणी ती किंचित खोल झाली होती, वाटाण्याने दाबावे इतकी.

"साप," कोणीतरी म्हणाले. माणिकबाई म्हणाल्या, "नाग." आणि त्यांचा चेहरा, गोदाबाईंच्या शब्दांत, "दहा दिसानं पयल्यांदा सैल झाला." घराची राखण करणारा नाग झाला म्हणजे मुलगा घरातच राहिला होता.

मी गोदाबाईंना विचारले, "रेघ वळणाची होती का? साप वळवळत जातो."

"सरळ होती."

"मग कोणी काही म्हणाले नाही?"

"मायले कोन म्हननार होतं, का तुह्या पोराची रेघ सरळ काहून हाय?"

उंदराची शेपटी, टोपलीतून सुटलेली काडी, चाळताना पडलेली चाळणीची कड: माझ्याजवळ तीन स्पष्टीकरणे आहेत. तिन्ही शक्य आहेत. त्या दिवशी कोणी त्यांतले एकही सुचवले नाही, आणि त्याचा परिणाम सुभद्रेला भोगावा लागला.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. मूलबाळ नव्हते. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो. दुसरे लग्नच ते, फक्त वाजंत्री कमी. दिवस उरकल्यावर तिचा भाऊ केशवराव चांदूर बाजारहून तिला न्यायला आला. तिथल्या एका विधुर बागाइतदाराशी त्याने बोलूनही ठेवले होते. माणिकबाईंनी त्याला गूळपाणी दिले, नीट बसवले आणि म्हटले, "माहा पोरगा घरातच हाय, केशवराव. नवरा घरात असतानी बाईचा पाट कोनी लावते काय?"

केशवराव रिकाम्या गाडीने परत गेला. खुशालरावांनी बायकोला काही म्हटले नाही.  सुभद्रा वाढत असताना ते पानाकडे पाहत जेवत.

३

माजघराला एकच झरोका होता, धान्याच्या कणग्यांच्या वर. माणिकबाई तिथे कोपऱ्यात दुधाची वाटी ठेवीत आणि सुभद्रेला सांगत, "तू इथंच बसत जाय. त्याले बरं वाटन." म्हणून ती दुपारी सरकी वेगळी करायचे काम घेऊन तिथे बसे. गोदा तिच्या सोबतीला.

त्या खोलीत आवाज येई. मी या आवाजाचे वर्णन अनेकदा करवून घेतले. सळसळ नव्हे. फार दूर कोणी रिकामे जाते फिरवावे तशी घरघर, आणि फेरा पुरा झाला की एक हलकासा ठोका. घरघर, ठोका. घरघर, ठोका. तो भिंतीकडून भिंतीकडे जाई. सुभद्रा हातातले काम थांबवी. आवाजही थांबे.

"वैनी, हा दादा व्हय काय?" गोदाने एकदा विचारले.

"मले काय म्हाईत, बाई."

"तू भेतं काय?"

"नाई." सरकी बाजूला टाकत सुभद्रा म्हणाली, "तो घरात बसनारा मानूस नव्हता. मले त्याचंच वाईट वाटते."

दुधाची वाटी सकाळी रिकामी असे. घरात मांजर होते, हे गोदाबाईंनी मला न विचारता सांगितले. म्हणून त्यांच्या उरलेल्या सांगण्यावर मी थोडा अधिक विश्वास ठेवते.

४

दसऱ्यानंतर मुंबईच्या अडत्याचा निरोप आला की यंत्र आगबोटीतून उतरले आहे. ते आगगाडीने अकोल्याला आले आणि तिथून बैलगाडीने घरी. मोठ्या लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेले. माणिकबाईंनी ते उघडू नये म्हणून सांगितले. खुशालरावांनी उघडले.

दोन लाकडी चाके, एकापुढे एक, पुढचे मोठे. चाकांना बैलगाडीच्या चाकांना असते तशी लोखंडी धाव, पण बोटभरच रुंद. पुढच्या चाकाच्या आसालाच दोन्ही बाजूंना पायांनी फिरवायचे पायटे. वर लोखंडाची एक लांब वाकलेली पट्टी आणि तिच्यावर चामड्याची बैठक. माणूस बसला की पट्टी खाली दबे, उठला की वर येई. गोदाला या पट्टीचे फार हसू आले; बाबाजी बसले की ती हत्ती बसल्यासारखी कुरकुरे.

अंगण दगडी फरशीचे होते. तिथे यंत्र ढकलून पाहिले तरी काही उमटले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

"मी जातो बेटावर," खुशालराव म्हणाले. "त्यानं सांगतलं होतं, दिवाई झाली का जाऊ. दिवाई झाली."

"या वयात घोड्यावर बसून पडसान, अन् लोकं हसतीन," माणिकबाई म्हणाल्या.

"हसू दे ना. कितीक दिस झाले या घरात कोनी हासलं नाई."

"माहा पोरगा घरी येकटा राहीन."

"येक दिस राहीन. तो का लहान हाय?"

असे ते निघाले. खुशालराव, माणिकबाई, सुभद्रा, गोदा आणि गावचा नावाडी नत्थुजी. नत्थुजीने दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर यंत्र आडवे ठेवले. माझ्या माहितीप्रमाणे वऱ्हाडात नुसते फिरायला म्हणून नावेतून निघालेले हे पहिले कुटुंब असावे. निघताना नत्थुजीने विचारले, "पाटील, जायचं कोठी?"

"कोठीच नाई."

"मंग याचं कवा?"

"फिरून झालं का."

"बरं बाप्पा," नत्थुजी म्हणाला आणि त्याने बांबू रोवून नाव ढकलली.

५

पहिले बेट गावाच्या दृष्टिआड, वळणापाशी होते. गाळ वरून सुकलेला, आतून ओला. त्यावर बगळ्यांच्या पायांखेरीज काही नव्हते. नत्थुजीने यंत्र मागून धरले, खुशालराव धोतराचा काचा मारून वर चढले आणि दोघे ओरडत निघाले.

"सोडू नको रे, नत्थू!"

"मी तं कवाचं सोडलं, पाटील!"

ते ऐकताच खुशालराव पडले. उठून पुन्हा बसले. पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी बेटाच्या टोकापर्यंत एकटे गेले आणि थांबवता न आल्याने लव्हाळ्यात शिरले. तिथून त्यांचा आवाज आला, "आता याले मांगं कसं नेतात?" माणिकबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. हसता हसता रडू लागल्या आणि तशाच हसत राहिल्या. मग रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवल्या. गोदाबाई म्हणत, त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली सकाळ.

सुभद्रा गाळावर वाकलेली गोदाने पाहिली. ती जवळ गेली.

खुशालराव जिथे सरळ चालवू शकले होते, तिथे मागच्या चाकाने पुढच्याच्या वाटेवरून जाऊन एकच रेघ उमटवली होती. बोटभर रुंद. काही अंतरावर ती वाटाण्याएवढी खोल झाली होती. पुढे तेवढ्याच अंतरावर पुन्हा. पुढच्या चाकाच्या धावेची दोन तोंडे जिथे जुळत, तिथल्या खिळ्याचे डोके जरा उंच राहिले होते. प्रत्येक फेऱ्याला ते गाळात रुतत होते.

"वैनी, हे तं पिठातलं..."

सुभद्रेने तिच्या तोंडावर हात ठेवला. हात थंडगार होता.

पीठ चाळले तेव्हा श्रावण होता. यंत्र आगबोटीतून उतरले आश्विनात. त्या पहाटे ते समुद्रावर असणार, किंवा त्याच्याही पलीकडे. लहान मुलीने दोन आठवणी नंतर एकमेकींवर बसवल्या असाव्यात, हे मी गोदाबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "बसवल्या असतीन. पन तुह्या आजीचा हात थंड होता, तो मी कशावर बसवला?"

६

दुसरे बेट प्रवाहाच्या खालच्या बाजूला होते. नाव लागण्यापूर्वीच नत्थुजीने बांबू पाण्यात तसाच धरून ठेवला.

बेटावर रेघ होती.

वरच्या अंगाला ती पाण्यातून निघत होती, बेटाच्या मधून सरळ जात होती आणि खालच्या अंगाला पाण्यात शिरत होती. तिच्यात ठरावीक अंतरावर ते खळगे होते. यंत्र नावेत, फळ्यांवर, त्यांच्या पायांशी पडलेले होते. त्याच्या चाकांवर पहिल्या बेटाचा चिखल वाळत होता.

"कोनाची गाडी गेली असन," खुशालराव म्हणाले.

"गाडीच्या दोन रेघा पडतात, पाटील. अन् बैल काय उडून गेले?"

खुशालराव उतरले आणि रेघेच्या कडेने चालले. शेजारी पाऊल नव्हते. कोणी उतरल्याची, पाय टेकल्याची खूण नव्हती. त्यांची स्वतःची रेघ पहिल्या बेटावर दारुड्यासारखी गेली होती; ही दोरी लावून आखल्यासारखी होती. कडांवरचा गाळ अजून पाण्याने चमकत होता.

 उरलेल्या रोडग्यांचे टोपले उघडलेच नाही. परत फिरावे असेही कोणी म्हटले नाही, आणि हे मला समजते. अशा वेळी माणसाला पुढचे बेट पाहायचे असते, कारण तिथे काही नसेल तर इथलेही नव्हते असे म्हणता येते.

तिसऱ्या बेटावर रेघ सरळ नव्हती. तिने बेटाला सावकाश वेढा घातला होता. एकदा, पुन्हा एकदा, मौजेने फिरावे तसा. मग ती नाव लागण्यासारखी जी एकच जागा होती तिथे येऊन थांबली होती. तिथे गाळात दोन लांबट खड्डे पडले होते, एकापुढे एक. एका जागी बराच वेळ उभ्या राहिलेल्या चाकांचे.

"वाट पाह्यली त्यानं," माणिकबाई म्हणाल्या.

त्या खड्ड्यांपासून रेघ पुढे निघत होती आणि बेटाच्या खालच्या उतारावरून पाण्यात जात होती. तिथे पात्र रुंद होते, पाणी काळे दिसत होते, आणि पलीकडचे बेट उन्हात अंधुक होते. लव्हाळ्यामागून आवाज आला. गोदाने तो ओळखला, सुभद्रेने ओळखला. घरघर, ठोका. या वेळी तो भिंतींमध्ये नव्हता. तो दूर जात होता, आणि मोकळा होता.

"चाल नत्थू, नाव सोड," माणिकबाई म्हणाल्या. "तो पुढं हाय."

"पुढं डोह हाय, बाई. जोडलेले डोंगे तिथं फिरतात. मी नाई नेत."

"मंग मी जातो."

त्या रेघेवरून चालू लागल्या. पाण्यात शिरल्या. गुडघ्यापर्यंत गेल्या तरी त्यांना आपण पाण्यात आहोत याची जाणीव नव्हती, असे गोदाबाई सांगत; त्या खाली पाहत चालल्या होत्या, रेघ पाण्याखाली दिसत असावी तशा. खुशालराव धावले आणि त्यांनी मागून कवटाळले. माणिकबाईंनी त्यांना नखांनी ओरबाडले.

"सोडा! येकटा चालला पोरगा! सोडा मले!"

त्या वेळी सुभद्रा बोलली. सासऱ्यांसमोर ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"आत्याबाई! तो नाग नाई झाला. खाली पाहा. हे चाक हाय. पिठात हेच होतं. तो घरात नव्हताच, आपनच त्याले कोंडून ठेवून राहिलो होतो."

माणिकबाई थांबल्या. पाण्यात उभ्या राहून त्यांनी सुनेकडे पाहिले.

"मंग कुठी हाय तो?"

"फिराले गेला."

७

पुढचा भाग गोदाबाईंनी मला अनेकदा सांगितला, आणि दर वेळी त्या तो उजव्या हाताने जमिनीवर दाखवीत.

सुभद्रेने नावेतून यंत्र ओढून काढले. तिला ते झेपत नव्हते. नत्थुजीने हात लावला. तिने ते त्या दोन खड्ड्यांत उभे केले. चाके खड्ड्यांत बरोबर बसली. "ज्याचं त्याले देऊ, मामाजी," ती म्हणाली. खुशालरावांनी होकारार्थी मान हलवली. बायकोला त्यांनी अजून धरलेलेच होते. सुभद्रेने मागून एकदा ढकलले आणि हात काढले.

यंत्र उतारावरून निघाले. रेघेवरून, रेघ न सोडता, पायटे फिरत असताना पाण्यात शिरले आणि पडले नाही. पुढचे चाक पाण्याखाली गेले. ते चाक वळवायचा हाताचा दांडा किंचित डावीकडे वळला, पलीकडच्या बेटाच्या दिशेने. मग मागचे चाक बुडाले. मग बैठक.

इथे मला थांबणे भाग आहे. गतीत असलेले दुचाकी यंत्र स्वाराशिवायही काही अंतर तोल राखते. ते ज्या बाजूला कलते, त्या बाजूला त्याचे पुढचे चाक आपोआप वळते. त्या यंत्राचे पायटे पुढच्या चाकालाच जोडलेले असल्याने चाक फिरले की तेही फिरणारच. यात अशक्य असे काही नाही, आणि मी ते गोदाबाईंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तू शिकेल हायेस, तुहं खरं असन," त्या म्हणाल्या. "पन ते बसाची पट्टी होती ना, दबे ते? बाबाजी बसले का मी हासो ते?"

"हो."

"वैनीनं हात काढले तवा ते वर होती. पान्यात जाची येळ आली, तं ते दबली."

"पूर्ण?"

"नाई. बाबाजीच्या इतकी नाई. दादा बारीक होता."

८

परतीच्या वाटेवर माणिकबाई ओल्या लुगड्याने नावेत बसून होत्या. गाव दिसू लागल्यावर त्या खुशालरावांना म्हणाल्या, "पोरगा गेला फिराले. मंग या पोरीनं काहून बसून राहाव? केशवरावले सांगून पाठवा." माघात सुभद्रेचा पाट लागला. माणिकबाईंनी स्वतः तिची ओटी भरली. चांदूर बाजारच्या मळ्यात तिला चार मुले झाली. त्यांतली तिसरी माझी आई. या गोष्टीत माझे हितसंबंध आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावे. ती रेघ सापाचीच ठरली असती, तर हे लिहायला मी नसते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझी सायकल डोंग्यात घालून तोच प्रवास केला. पूर्णेने पात्र बदलले आहे. तीच बेटे असतील असे मी म्हणणार नाही. परंतु गाळ तसाच आहे आणि उतार तसाच. मी सायकल पुनःपुन्हा स्वाराशिवाय उतारावरून सोडली. नावाडी बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, हे इकत घेतेल हाय का चोरीची? बुडवून काहून राहिल्या?" प्रत्येक वेळी पाणी लागताच सायकल आडवी झाली. माझी सायकल हलकी आहे, तिची चाके रबरी आहेत. म्हणून या प्रयोगाला मी फार महत्त्व देत नाही. बेटांवर माझ्या रेघेखेरीज दुसरी रेघ मला दिसली नाही. कोणताही आवाज आला नाही. संध्याकाळपर्यंत मी बेटाबेटावर फिरले. मला फार बरे वाटले, हेही नोंदवले पाहिजे.

राहिली एक वस्तू. पुढच्या उन्हाळ्यात डोह आटला, तेव्हा खुशालरावांनी तळ शोधून घेतला. यंत्र मिळाले नाही. ते मिळाले त्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडावर, पाणी चढण्याआधी, चार कोस वर. म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेला, एका बेटाच्या काठाला टेकवून ठेवलेले. कोणी माणसांनी ते डोहातून काढून तिकडे नेले असेल. लाकूड कुजले होते. ते चुलीत गेले. पुढच्या चाकाची लोखंडी धाव खुशालरावांनी ठेवून घेतली. पुढे ती गोदाबाईंकडे आली, आणि त्यांनी ती मला दिली.

मी ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजली. कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे या धावेवरून एकच माणूस, एकाच सकाळी, एका बेटावर फिरला होता. तिची जाडी मुळात किती असावी हे कडांवरून कळते. मधे ती मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरली आहे, आणि सबंध वर्तुळात सारखीच. गंजाने लोखंड सगळीकडून खाल्ले जाते, वाळू वाहत्या पाण्यात सगळीकडून घासते. या धावेची आतली बाजू कोरी आहे, दोन्ही कडांवर कारखान्यातल्या कानशीचे ओरखडे अजून स्पष्ट दिसतात, आणि झीज आहे ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या बाजूला.